व्हर्च्युअल नेटवर्क ड्रायव्हरसाठी पॅकेट हॅशिंगची पद्धत कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्स कर्नलची सोय) आणि व्हर्टआयओ-नेट (त्या मशीनला मिळणारे व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड) वापरून व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांकडून पॅकेट हॅशिंगविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न "सर्वांत वेगवान हॅश कोणता" हा असतो. प्रत्यक्षात अडचण शोधायला बसले की ती हॅशच्या सूत्रात क्वचितच सापडते. हॅशसाठी पॅकेटमधील कोणती फील्ड घेतली आहेत, तिथेच ती बहुधा दडलेली असते. म्हणून त्या बाजूच्या प्रश्नांना येथे अधिक जागा दिली आहे.

१. पॅकेट हॅशिंग म्हणजे काय, आणि व्हर्च्युअल मशीनला त्याची गरज का पडते?

एक सीपीयू कोअर दर सेकंदाला किती पॅकेट्स हाताळू शकतो याला मर्यादा असते, आणि आजची नेटवर्क कार्डे ती मर्यादा सहज ओलांडतात. त्यामुळे कार्ड खरे असो वा व्हर्च्युअल, त्याला अनेक क्यू (पॅकेट्सच्या रांगा) दिलेले असतात आणि प्रत्येक क्यू वेगळ्या कोअरकडे सोपवलेला असतो. आलेले पॅकेट कोणत्या क्यूत टाकायचे हे ठरवताना दोन अटी एकदम सांभाळाव्या लागतात : भार सर्व क्यूंवर पसरला पाहिजे, आणि एका जोडणीची सर्व पॅकेट्स क्रमाने एकाच क्यूत गेली पाहिजेत. पाळीपाळीने वाटप केले तर भार पसरतो, पण क्रम मोडतो. मग टीसीपी उशिरा आलेले पॅकेट हरवले असे समजून ते पुन्हा मागवू लागते आणि जीआरओला (लहान पॅकेट्स जोडून मोठे करणाऱ्या कर्नलच्या सोयीला) सलग तुकडे एकत्र जोडता येत नाहीत.

हॅशिंगमुळे या दोन्ही अटी सांभाळता येतात. पॅकेटच्या हेडरमधील ठरावीक फील्ड घेऊन त्यांपासून ३२ बिटांची एक संख्या काढली जाते. एका फ्लोच्या, म्हणजे एका जोडणीच्या, सर्व पॅकेट्समध्ये ती फील्ड सारखीच असल्यामुळे संख्याही सारखी येते आणि क्यूही तोच राहतो. खऱ्या कार्डात हे गणित चिपमध्ये होते, त्यामुळे त्याचा खर्च जाणवत नाही. व्हर्च्युअल कार्डात मात्र ते बरेचदा होस्टच्या (व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालते त्या खऱ्या मशीनच्या) सीपीयूलाच करावे लागते, आणि म्हणून ते कुठे होते व किती वेळा होते हे पाहणे गरजेचे ठरते.

२. हॅशपासून क्यूपर्यंत पॅकेट नेमके कसे पोहोचते? एखादे उदाहरण द्याल का?

मायक्रोसॉफ्टने आरएसएससाठी (हॅशवरून पॅकेट्स क्यूंत वाटण्याच्या कार्डातील सोयीसाठी) प्रसिद्ध केलेली चाचणीची उदाहरणे यासाठी सोयीची आहेत. त्यांपैकी पहिल्यात पाठवणाऱ्याचा पत्ता ६६.९.१४९.१८७ आणि पोर्ट २७९४ आहे, तर घेणाऱ्याचा पत्ता १६१.१४२.१००.८० आणि पोर्ट १७६६ आहे. दोन पत्त्यांचे ८ बाइट आणि दोन पोर्टचे ४ बाइट असे १२ बाइट टोप्लिट्झ हॅशला दिले जातात. हॅश-की ४० बाइटांची असते. इनपुटचा एकेक बिट घेताना तो १ असेल तर हॅश-कीचे डावीकडील ३२ बिट निकालात एक्सॉर करायचे, आणि बिट कोणताही असला तरी हॅश-की एक घर डावीकडे सरकवायची, एवढीच ही पद्धत आहे. आयपीव्ही६चे इनपुट ३६ बाइटांचे, म्हणजे २८८ बिटांचे असते. त्याला पुरण्यासाठी ३१९ बिटांची हॅश-की लागते, आणि ४० बाइटांचा आकार त्यावरूनच आलेला आहे.

वरील उदाहरणाचे उत्तर षोडशमान पद्धतीत ५१सीसीसी१७८ असे येते. १२८ घरांच्या इंडिरेक्शन टेबलसाठी त्याचे शेवटचे सात बिट घेतले की १२० ही संख्या मिळते, आणि टेबलातील १२० क्रमांकाच्या घरात ज्या क्यूचा क्रमांक लिहिलेला असेल तिकडे पॅकेट जाते. टेबलात चार क्यूंचे क्रमांक ओळीने (०, १, २, ३, पुन्हा ०) भरलेले असतील तर तो शून्य क्रमांकाचा क्यू ठरतो. आता हेच पॅकेट पोर्ट वगळून, फक्त पत्त्यांवर हॅश केले तर उत्तर ३२३ई८एफसी२ येते, घर ६६ मिळते आणि क्यू २ क्रमांकाचा ठरतो. सॉफ्टवेअरमध्ये टोप्लिट्झ स्वतः लिहिणाऱ्याने ही दोन उत्तरे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाइटांचा क्रम उलटा घेतल्याची चूक येथेच उघडी पडते.

३. टोप्लिट्झ, सीआरसी३२, जेहॅश आणि सिपहॅश यांपैकी मी कोणता निवडावा?

बहुतेक वेळा ही निवड तुमच्या हातात नसते. खरे कार्ड किंवा व्हर्टआयओचे आरएसएस वापरत असाल तर बहुधा टोप्लिट्झच मिळतो, आणि विंडोज गेस्टच्या (विंडोज चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या) आरएसएसलाही तोच लागतो. लिनक्स कर्नल स्वतः फ्लोचा हॅश काढतो तेव्हा पूर्वी जेहॅश वापरत असे. २०१९ मध्ये बाहेरच्या व्यक्तीला हॅशचा अंदाज बांधता येऊ नये म्हणून ती जागा सिपहॅशला देण्यात आली.

निवड खरोखर उरते ती डीपीडीकेसारख्या ठिकाणी (ही कर्नल टाळून थेट पॅकेट्स हाताळणारी लायब्ररी आहे), म्हणजे स्वतःचा डेटापाथ लिहिताना. टोप्लिट्झ बिटागणिक चालवला तर आयपीव्ही४साठी ९६ पायऱ्या होतात आणि तो फारच महाग पडतो. प्रत्येक बाइटसाठी २५६ नोंदींचा तक्ता आधी तयार ठेवला तर १२ तक्त्यांना मिळून १२ किलोबाइट जागा लागते आणि काम १२ वाचनांत आटोपते. मात्र पहिल्या पातळीच्या कॅशेचा मोठा हिस्सा त्यात अडकतो. एसएसई ४.२ पासून प्रोसेसरमध्ये सीआरसी३२सीची सूचना असल्यामुळे एका सूचनेत ८ बाइट उरकतात, आणि प्रोसेसरच्या आतल्या वाटपासाठी माझी पसंती त्यालाच राहील. जिथे पॅकेट पाठवणारा अनोळखी आहे आणि हॅश टेबलाच्या साखळ्या लांबवून मशीन थकवणे त्याला शक्य आहे, तिथे सिपहॅशचा जादा खर्च बिनतक्रार सोसावा. टोप्लिट्झ आणि सीआरसी हे दोन्ही एक्सॉरच्या दृष्टीने रेषीय आहेत, त्यामुळे त्यांच्यात एकाच घरात पडणारी पॅकेट्स हिशेबाने तयार करता येतात.

४. हॅशमध्ये फक्त आयपी पत्ते घ्यावेत की पोर्टही घ्यावेत?

टीसीपीसाठी दोन्ही पत्ते आणि दोन्ही पोर्ट, अशी चारही फील्ड घ्यावीत. फक्त पत्त्यांवर हॅश केल्यास दोन सर्व्हरमधील शंभर जोडण्याही एकाच क्यूत जातात. अॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यात नेमके हेच घडते. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना थोड्या सामायिक पत्त्यांमागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या वाहतुकीतही पत्त्यांचे वैविध्य आपण समजतो त्यापेक्षा कमी असते. यूडीपीचे उत्तर इतके सरळ नाही. त्यासाठी प्रश्न ८ आणि ९ एकत्र वाचावेत.

५. गेस्टला चार क्यू दिले आहेत, तरी सगळा भार एकाच व्हीसीपीयूवर (व्हर्च्युअल सीपीयूवर) का दिसतो?

हॅशला दोष देण्यापूर्वी क्यू खरोखर चालू आहेत का ते पाहावे. गेस्टमध्ये ईथटूल (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग पाहण्याची व बदलण्याची लिनक्स आज्ञा) स्मॉल एलसह (-l) चालवले की कमाल क्यू किती आणि चालू क्यू किती, हे शेजारी शेजारी दिसते. जुन्या कर्नलचा व्हर्टआयओ-नेट ड्रायव्हर कमाल चार असतानाही एकच क्यू सुरू करत असे, आणि बाकीचे कॅपिटल एल वापरून हाताने सुरू करावे लागत. क्यूईएमयूची (व्हर्च्युअल मशीन उभे करणाऱ्या होस्टवरील प्रोग्रामची) आज्ञा हाताने लिहीत असाल तर इंटरप्ट व्हेक्टरची संख्या क्यूंच्या दुप्पट अधिक दोन ठेवावी, म्हणजे चार क्यूंसाठी दहा.

क्यू चालू असतील तर ईथटूल कॅपिटल एसने प्रत्येक क्यूची पॅकेट-मोजणी दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्यावी आणि फरक पाहावा. मोजणी सर्व क्यूंवर वाढत असूनही एकच व्हीसीपीयू तापत असेल, तर इंटरप्ट एकाच कोअरकडे बांधलेले आहेत आणि हॅशचा त्यात काही संबंध नाही. मोजणी एकाच क्यूवर वाढत असेल तर वाहतूक एकाच फ्लोची आहे का (प्रश्न १६), की बोगद्यातून, म्हणजे दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून, येते आहे (प्रश्न ८), हे तपासावे.

६. गेस्टमध्ये आरएसएस उपलब्ध नाही असे दिसते, तरीही पॅकेट्स क्यूंमध्ये वाटली जातात. हे काम कोण करते?

गेस्टचे व्हर्च्युअल कार्ड होस्टच्या नेटवर्कशी जोडणारा होस्टवरील टन/टॅप ड्रायव्हर करतो. या ड्रायव्हरला २०१३ सालच्या लिनक्स ३.८ मध्ये अनेक क्यूंचा आधार मिळाला, आणि तेव्हापासून तो फ्लोंची एक छोटी वही ठेवतो. गेस्टने एखाद्या फ्लोचे पॅकेट ज्या क्यूतून बाहेर पाठवले त्याची नोंद होते, आणि त्याच फ्लोचे उत्तर आले की ते त्याच क्रमांकाच्या क्यूतून आत सोडले जाते. जाणारे आणि येणारे पॅकेट एकच ओळखता यावे म्हणून येथे दोन्ही दिशांना सारखाच येणारा हॅश वापरला जातो. तीन सेकंद हालचाल नसलेली नोंद पुसली जाते, आणि नोंद न सापडल्यास हॅशच्या प्रमाणात कोणता तरी क्यू दिला जातो.

ही रचना मला फार समंजस वाटते. क्यू आणि व्हीसीपीयू यांची संख्या सारखी असेल तर गेस्टचा ड्रायव्हर प्रत्येक व्हीसीपीयूला पाठवण्यासाठी स्वतःचा क्यू देतो. त्यामुळे ज्या व्हीसीपीयूवर अॅप्लिकेशन चालू आहे तिथेच उत्तर येऊन पडते, आणि डेटा एका कोअरच्या कॅशेतून दुसरीकडे न्यावा लागत नाही. साध्या वेब सर्व्हरला किंवा डेटाबेसला याहून अधिक काही लागत नाही. मर्यादा आहे ती नोंदींची : वहीत ४०९६ फ्लो मावतात, आणि त्यापुढचे फ्लो केवळ हॅशवर वाटले जातात.

७. मग व्हर्टआयओमध्ये खरे आरएसएस केव्हा सुरू करावे?

गेस्ट स्वतः राउटर, फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर असेल आणि फ्लोंची संख्या वरील वहीत मावणार नाही इतकी असेल, तेव्हा करावे. गेस्टमध्ये डीपीडीके चालत असेल आणि कोणता फ्लो कोणत्या कोअरवर जाणार हे आधीच ठरवायचे असेल तेव्हाही ते हवे. विंडोज गेस्टसाठी तर ते उघड फायद्याचे आहे. आरएसएस आणि हॅश कळवण्याची सोय व्हर्टआयओच्या १.२ आवृत्तीत आली असून लिनक्स गेस्टच्या ड्रायव्हरमध्ये तिचा आधार २०२२ सालच्या ५.१८ पासून आहे.

येथे एक खाचखळगा आहे. व्हीहोस्ट (पॅकेट्सची ने-आण होस्टच्या कर्नलमध्येच करणारी सोय) वापरताना पॅकेट क्यूईएमयूमधून जातच नाही, त्यामुळे क्यूईएमयूच्या आत लिहिलेला टोप्लिट्झ उपयोगी पडत नाही. त्याऐवजी कर्नलमध्ये चढवता येणारा एक छोटा ईबीपीएफ प्रोग्राम टन ड्रायव्हरला जोडला जातो आणि हॅश व टेबल यांचे काम तो कर्नलमध्ये करतो. हा प्रोग्राम चढवण्यासाठी अधिकार लागतात, आणि क्यूईएमयू सामान्य वापरकर्ता म्हणून चालत असल्यास ते त्याच्याकडे नसतात. म्हणून आरएसएस मागितले म्हणजे मिळाले असे न समजता गेस्टमध्ये ईथटूल स्मॉल एक्सने टेबल आणि हॅश-की दिसते का ते पाहावे, आणि लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणे) करत असाल तर दोन्ही होस्टवर ही सोय असल्याची आधी खात्री करावी.

८. व्हीएक्सलॅन सुरू केल्यापासून वेग निम्म्याहून खाली आला. हॅश बदलून उपयोग होईल का?

हॅशचे सूत्र बदलून होणार नाही. फील्ड बदलून होईल. व्हीएक्सलॅनमध्ये आतली संपूर्ण फ्रेम एका यूडीपी पॅकेटमध्ये गुंडाळली जाते. दोन होस्टच्या दरम्यान बाहेरचे दोन्ही पत्ते कायम तेच राहतात आणि घेणाऱ्याचा पोर्टही ४७८९ हाच असतो. त्यामुळे बाहेरच्या हेडरमध्ये बदलणारे एकच फील्ड उरते, ते म्हणजे पाठवणाऱ्याचा पोर्ट. २०१४ सालच्या आरएफसी ७३४८ मध्ये हा पोर्ट आतल्या फ्रेमच्या हॅशवरून ठरवावा अशी शिफारस आहे आणि लिनक्स तसेच करतो. म्हणजे पाठवणाऱ्याने फ्लो ओळखण्याची खूण पाकिटावर लिहून दिलेली असते. मात्र अनेक कार्डांचे ड्रायव्हर यूडीपीसाठी मुळात फक्त पत्त्यांवर हॅश करतात आणि ती खूण वाचतच नाहीत.

ही गोष्ट मी स्वतः फार उशिरा शिकलो. एका ग्राहकाच्या होस्टवर आठ कोअरपैकी एक शंभर टक्क्यांवर अडकलेला होता, बाकीचे सात जवळजवळ रिकामे होते, आणि आम्ही दोन दिवस हॅश-की बदलणे, टेबल नव्याने भरणे, गेस्टचे क्यू वाढवणे असे उपाय करत राहिलो. शेवटी एका सहकाऱ्याने ईथटूल स्मॉल एनने यूडीपी४ साठी कोणती फील्ड घेतली जातात ते विचारले, आणि उत्तरात केवळ दोन ओळी आल्या : पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता. कॅपिटल एन वापरून त्याच ठिकाणी एस-डी-एफ-एन (दोन पत्ते आणि दोन पोर्ट) ही चार अक्षरे दिली, आणि एका मिनिटाच्या आत आठही क्यूंची मोजणी वाढू लागली. तेव्हापासून बोगद्याविषयी कोणतीही तक्रार आली की मी पहिली आज्ञा तीच देतो.

जीआरई या दुसऱ्या बोगदा-पद्धतीची गोष्ट वेगळी आहे. त्यात बाहेरच्या हेडरला पोर्टच नसतात, त्यामुळे आतले हेडर वाचू शकणारे कार्ड तरी हवे किंवा आरपीएस या कर्नलच्या सोयीद्वारे सॉफ्टवेअरमध्ये आतल्या फ्लोवर वाटप तरी करावे लागते.

९. यूडीपीसाठी पोर्ट घेणे इतके चांगले असेल तर ड्रायव्हर ते आपण होऊन का करत नाहीत?

तुकडे झालेल्या पॅकेट्समुळे. मोठे यूडीपी पॅकेट आयपी पातळीवर तुटते तेव्हा पोर्ट फक्त पहिल्या तुकड्यात असतात. पुढच्या तुकड्यांत केवळ पत्ते असतात. चार फील्डांवर हॅश केल्यास पहिला तुकडा एका क्यूत आणि उरलेले दुसऱ्या क्यूत जाऊ शकतात, आणि ते वरपर्यंत उलट्यासुलट्या क्रमाने पोहोचतात. इंटेलचे काही ड्रायव्हर ही सेटिंग बदलताच कर्नलच्या लॉगमध्ये तसा इशारा लिहितात. तो वाचून घाबरण्याचे कारण नाही, परंतु दुर्लक्ष करण्याजोगाही तो नाही.

निर्णय वाहतुकीवर अवलंबून आहे. व्हीएक्सलॅनच्या जाळ्यात खालच्या नेटवर्कचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) गुंडाळणीच्या ५० बाइटांनी वाढवलेला असेल तर तुकडे होतच नाहीत, आणि चारही फील्ड निर्धास्तपणे घ्यावीत. यूडीपीवरील जुने एनएफएस किंवा मोठी डीएनएस उत्तरे असतील तर पत्त्यांवरच थांबावे. दोन्ही एकाच कार्डावर असतील तर आधी एमटीयू दुरुस्त करावा, मग हॅशला हात लावावा.

१०. जाणारी आणि येणारी पॅकेट्स एकाच क्यूत यावीत यासाठी काय करावे?

फायरवॉल, आयडीएस (घुसखोरी ओळखणारी यंत्रणा) किंवा एनएटी (पॅकेटमधील पत्ते बदलणे) करणाऱ्या गेस्टला हे हवे असते, कारण जोडणीची स्थिती एकाच कोअरवर राहिली तर लॉक लागत नाही. साध्या टोप्लिट्झमध्ये पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली की उत्तर बदलते. दक्षिण कोरियातील केएआयएसटीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलेली युक्ती अशी की हॅश-कीमध्ये ६डी५ए हे दोनच बाइट पुन्हा पुन्हा भरावेत. मग हॅश-की दर १६ बिटांनी तीच येते, आणि पत्ते ३२ बिटांचे व पोर्ट १६ बिटांचे असल्यामुळे त्यांची जागा बदलली तरी उत्तर बदलत नाही.

या सोयीची किंमत मात्र समजून घेतली पाहिजे. अशा हॅश-कीमुळे उत्तर हे इनपुटमधील सर्व १६ बिटी शब्दांच्या एक्सॉरवरच अवलंबून राहते, आणि ३२ बिटांच्या निकालात तेच १६ बिट दोनदा येतात. चाचणीचे पॅकेट तयार करताना १०.०.०.१ ला पोर्ट १०२५, १०.०.०.२ ला १०२६, १०.०.०.३ ला १०२७ असे पत्ता आणि पोर्ट बरोबरीने वाढवत नेले, तर पत्त्याचा शेवटचा शब्द आणि पोर्ट यांचा एक्सॉर दरवेळी १०२४ च येतो. घेणारा एकच असेल तर शेकडो फ्लो असूनही सगळे एकाच क्यूत जाऊन पडतात. हॅश बिघडला आहे असे कळवणाऱ्या पत्रांमागे अशी चाचणी निघाल्याचे मी पाहिले आहे.

आणखी एक अपवाद आहे. गेस्ट स्वतः एनएटी करत असेल तर आतल्या बाजूचा पत्ता आणि बाहेरच्या बाजूचा पत्ता वेगळा असतो, त्यामुळे सममित हॅश असूनही दोन दिशा वेगळ्या क्यूत जातात. तिथे पोर्ट निवडतानाच हॅशचा विचार करावा लागतो किंवा पॅकेट सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या कोअरकडे सोपवावे लागते.

११. क्यू किती ठेवावेत? जितके जास्त तितके चांगले, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. १२८ घरांचे टेबल ४८ क्यूंमध्ये वाटले तर ३२ क्यूंना प्रत्येकी तीन आणि १६ क्यूंना प्रत्येकी दोन घरे मिळतात. हॅश कितीही उत्तम असला तरी काही क्यूंवर दीडपट भार पडणारच. क्यू ३२ ठेवले तर प्रत्येकाला चार घरे येतात आणि एकूण काम बहुधा सुरळीत होते. टेबल ५१२ घरांचे असेल तर हा फरक बराच कमी होतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये क्यूंची संख्या व्हीसीपीयूइतकी किंवा तिच्यापेक्षा कमी असावी, आणि होस्टवर व्हीहोस्टच्या थ्रेडना चालायला कोअर शिल्लक असावेत. ते नसतील तर वाढवलेला प्रत्येक क्यू आणखी एक थ्रेड त्याच कोअरवर भांडायला आणतो.

१२. आठ क्यू आणि आठ फ्लो घेऊन चाचणी केली, तरी तीन क्यू रिकामे राहिले. हॅश सदोष आहे का?

हॅश बहुधा निर्दोष आहे. आठ फ्लो आठ क्यूंत यदृच्छेने टाकले तर प्रत्येक क्यूत बरोबर एक पडण्याची शक्यता केवळ ०.२४ टक्के असते, आणि सरासरी २.७५ क्यू रिकामे राहतात. म्हणजे तुम्हाला जे दिसले तेच अपेक्षित आहे. हॅशची परीक्षा घ्यायची असेल तर काही हजार फ्लो घ्यावेत, त्यांचे पत्ते आणि पोर्ट प्रत्यक्ष वाहतुकीसारखे असावेत. थोड्याच पण जड जोडण्या असतील तर हॅशवर विसंबू नये. ईथटूलच्या नियमांनी प्रत्येक फ्लोला नेमून क्यू द्यावा, आणि कार्डात ती सोय नसेल तर आरएफएस (अॅप्लिकेशन चालू असलेल्या कोअरकडे पॅकेट नेणारी कर्नलची सोय) वापरावे.

१३. मशीन रीबूट केले की तीच चाचणी वेगळे आकडे देते. असे का होते?

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर हॅश-की कर्नलकडून घेतात आणि कर्नल ती प्रत्येक बूटला यदृच्छेने तयार करतो. हॅश-की बदलली की तेच फ्लो वेगळ्या क्यूंत पडतात, आणि फ्लो थोडे असतील तर प्रश्न १२ मध्ये सांगितलेला चढउतार आकड्यांत उतरतो. दोन ड्रायव्हरांची तुलना करताना ईथटूल कॅपिटल एक्सने दोन्हीकडे एकच हॅश-की द्यावी, किंवा अनेक हॅश-की घेऊन आकड्यांचा पल्ला नोंदवावा. चाचणी संपल्यावर मात्र ठरीव हॅश-की काढून टाकावी. सर्वांना ठाऊक असलेली हॅश-की असेल तर एकाच क्यूवर मारा करणारी पॅकेट्स बनवणे कोणालाही जमते. त्याचे कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

१४. होस्टवर बाँडिंग (अनेक केबल एकत्र बांधून एकच जोडणी करणे) आहे. त्याचा हॅश आणि क्यूंचा हॅश यांचा एकमेकांशी संबंध काय?

बाँडिंगचा हॅश बाहेर जाणारे पॅकेट कोणत्या केबलवरून जाईल तेवढेच ठरवतो. आत येणाऱ्या पॅकेटची केबल समोरचा स्विच ठरवतो. लिनक्सचे मूळ धोरण लेअर२ आहे, म्हणजे मॅक पत्त्यांवर हॅश. गेटवेकडे जाणाऱ्या सर्व पॅकेट्सचा घेणारा मॅक एकच असल्यामुळे त्यात एका व्हर्च्युअल मशीनची सगळी वाहतूक एकाच केबलला मिळते. मशीन पुष्कळ असतील तर हे चालून जाते. एखादेच जड मशीन असेल तर लेअर३+४ (पत्ते आणि पोर्ट) निवडावे, आणि प्रश्न ९ मधील तुकड्यांची अडचण येथेही लागू आहे हे ध्यानात ठेवावे. व्हीएक्सलॅनला लेअर३+४ पुरते. जीआरईला एन्कॅप३+४ (आतल्या हेडरचे पत्ते आणि पोर्ट) लागते.

दोन टप्प्यांवर तोच हॅश आणि त्याचे तेच बिट वापरले गेले तर दुसरा टप्पा लंगडा पडतो. पहिल्या टप्प्याने शेवटच्या बिटावरून सम आणि विषम असे दोन भाग केले, तर पुढे फक्त सम हॅशचीच पॅकेट्स येतात आणि टेबलातील निम्मी घरे कधी वापरलीच जात नाहीत. लिनक्समध्ये आरएसएस हॅशचे खालचे बिट घेते आणि आरपीएसचे गणित वरच्या बिटांवर झुकते, म्हणून ती जोडी एकमेकांच्या आड येत नाही. इतर ठिकाणी प्रत्येक टप्प्याला वेगळी हॅश-की द्यावी.

१५. क्लाउडवरील गेस्टमध्ये यातले काय बदलता येते?

पुरवठादाराच्या ड्रायव्हरवर ते अवलंबून आहे. अॅमेझॉनच्या ईएनए ड्रायव्हरमध्ये टोप्लिट्झ आणि सीआरसी३२ या दोन्हींचा आधार आहे. मायक्रोसॉफ्टच्या नेटव्हीएससी ड्रायव्हरमध्ये हॅशची पातळी मुळात लेअर४ असते आणि गेस्टमधून फक्त पाठवण्याच्या बाजूची पातळी बदलता येते. कर्नलच्या कागदपत्रांतच असे नमूद आहे की अझ्युरवर लेअर४ हॅश असताना तुकडे झालेली यूडीपी पॅकेट्स मोठ्या प्रमाणात गळतात, आणि अशा वाहतुकीसाठी लेअर३ वापरावे. प्रश्न ९ मध्ये तत्त्व म्हणून सांगितलेली गोष्ट येथे प्रत्यक्ष गळती म्हणून समोर येते.

ओपन व्हीस्विच (व्हर्च्युअल मशीनना जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) डीपीडीकेसह चालवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की खऱ्या कार्डाकडून आलेल्या पॅकेटसोबत हॅश तयार मिळतो, पण व्हीहोस्ट पोर्टवरून गेस्टकडून आलेल्या पॅकेटसोबत तो नसतो आणि स्विचला स्वतः काढावा लागतो. गेस्टकडून बाहेर जाणारी वाहतूक तुलनेने महाग पडण्याचे हे एक कारण आहे.

१६. एकाच आयपीसेक किंवा वायरगार्डच्या कूटबद्ध बोगद्यातून सगळी वाहतूक जाते. तिथे कोणता हॅश उपयोगी पडेल?

कोणताही पडणार नाही. वायरगार्डमध्ये दोन टोकांच्या दरम्यान बाहेरून एकच यूडीपी फ्लो दिसतो. व्हीएक्सलॅनप्रमाणे आतल्या फ्लोची खूण पोर्टवर लिहिली जात नाही, आणि आतले हेडर कूटबद्ध असल्यामुळे कार्डाला किंवा होस्टला ते वाचता येत नाही. लिनक्सवरील वायरगार्ड उलगडण्याचे काम स्वतः अनेक कोअरवर वाटते आणि नंतर क्रम जुळवते, त्यामुळे तिथे अडतो तो पॅकेट घेणारा पहिला कोअर. एकापेक्षा अधिक बोगदे वेगवेगळ्या पोर्टवर उभारून वाहतूक त्यांत विभागली तर तो कोअर मोकळा होतो.

आयपीसेकच्या ईएसपीमध्ये (त्याच्या कूटबद्ध पॅकेटमध्ये) पोर्ट नसतात, परंतु एसपीआय (सिक्युरिटी असोसिएशनची ओळख-संख्या) हे फील्ड उघडे असते आणि काही कार्डे त्यावर हॅश करू शकतात. त्याचा फायदा होण्यासाठी दोन टोकांत अनेक सिक्युरिटी असोसिएशन (कूटबद्धतेविषयी ठरलेले करार) हव्यात. प्रत्येक कोअरसाठी स्वतंत्र असोसिएशन मागण्याची पद्धत २०२४ सालच्या आरएफसी ९६११ मध्ये ठरवून दिलेली आहे. ईएसपी यूडीपीत गुंडाळलेले असेल तर बहुधा दोन्ही बाजूंचा पोर्ट ४५०० असतो, आणि एसपीआय यूडीपी हेडरच्या मागे गेल्यामुळे चार फील्डांचा हॅशही एकच उत्तर देत राहतो. अशा वेळी मध्ये एनएटी नसेल तर ती गुंडाळणी बंद करून साधे ईएसपी वापरावे.